शेतावरील जीपगाडीस गॅसची जोड : संच कसा निवडावा?

पाणंदीच्या चिखलातून, नाल्याच्या पाण्यातून आणि प्रसंगी बांधावरूनही चालणारी चारचाकी गाडी आता अनेक शेतकऱ्यांच्या दारात दिसते. दुधाचे कॅन, खताची पोती, भाजीचे क्रेट, विहिरीवरील बिघडलेला पंप अशी हरतऱ्हेची ओझी ती वाहते. अशा गाड्यांपैकी ज्या पेट्रोलवर चालतात, त्यांचा खर्च मालकास जड जातो, आणि मग 'गाडीला गॅस बसवून घ्यावा काय?' हा प्रश्न तो विचारू लागतो. हाच प्रश्न शेतकरी बांधव माझ्याकडे वारंवार आणतात. त्यांचा दुसरा प्रश्नही ठरलेला असतो : 'कोणत्या कंपनीचा संच चांगला?'

माझ्या मते हा दुसरा प्रश्न सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. गॅसचा पंप आपल्या शिवारापासून किती लांब आहे, टाकी केवढी बसेल व कोठे बसेल, आणि गाडीचे इंजिन ह्या इंधनास योग्य आहे काय, हे तीन प्रश्न आधी सुटले पाहिजेत. ते सुटले म्हणजे संचाची निवड फारशी अवघड राहत नाही. ते न सोडवता घेतलेला उत्तम संचही गाडीत निरुपयोगी ओझे होऊन बसतो.

प्रथम इंजिनाचा विचार करू. द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजेच एलपीजी, हे इंधन ठिणगीने पेटणाऱ्या इंजिनास मानवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. तेथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटते, आणि एलपीजी असे सहजासहजी पेटत नाही. डिझेल इंजिन केवळ एलपीजीवर चालवावयाचे तर त्याचे दाबाचे प्रमाण कमी करावे लागते, प्लग बसवावे लागतात, म्हणजे इंजिन जवळजवळ नव्याने घडवावे लागते. २०२१ च्या फेब्रुवारीत दिल्ली येथे डिझेलवरून सीएनजीवर आणलेला ट्रॅक्टर केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांच्या हस्ते सादर झाला, हे पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु तो खास फेरफार केलेला ट्रॅक्टर होता व इंधनही निराळे होते. त्यावरून आपल्या डिझेल जीपलाही गल्लीतल्या गॅरेजात गॅस बसेल, असा अर्थ कोणी काढू नये. खेड्यांतील बहुसंख्य जीपगाड्या डिझेलवरच्या आहेत. त्यांच्या मालकांनी हा विचार येथेच सोडावा हे उत्तम.

उरतात त्या पेट्रोलच्या गाड्या. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ज्या विलीज जीप जोडण्यास आरंभ केला, त्या पेट्रोलच्या होत्या. त्यांपैकी काही हौशी मालकांनी अद्याप जतन केल्या आहेत. त्यांहून अधिक आढळते ती १९८५ मध्ये बाजारात आलेली मारुतीची जिप्सी. ताडोबाच्या परिसरात जंगल सफारीसाठी फिरणाऱ्या खुल्या जिप्सी पुष्कळांनी पाहिल्या असतील. ही गाडी आता नवी मिळत नाही, परंतु जुनी विकत घेऊन शेतीच्या कामास लावणारे शेतकरी आहेत. वजनाने हलकी व चारही चाकांना जोर देणारी असल्यामुळे काळ्या जमिनीच्या चिखलातूनही ती निघते. पेट्रोल मात्र सढळ पिते, आणि म्हणूनच तिचा मालक गॅसकडे वळतो.

आता खर्चाचे गणित. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ते शेतकऱ्यास कागदावर मांडून दाखवावे, कारण तोंडी सांगण्यात नेहमी अर्धेच सांगितले जाते. एलपीजीचे एक लिटर पेट्रोलच्या एक लिटरपेक्षा बरेच हलके असते, आणि त्यात उष्णताही सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते. म्हणून जी गाडी पेट्रोलच्या लिटरला १० किलोमीटर जाते, ती गॅसच्या लिटरला ८ किलोमीटरच्या आसपास जाईल असे धरावे. भाव दररोज बदलतात, यास्तव गणितासाठी पेट्रोल १०० रुपये व गॅस ६५ रुपये लिटर असे मानू. पेट्रोलवर दर किलोमीटरला १० रुपये पडतात, गॅसवर ८ रुपये १२ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे १ रुपया ८८ पैसे वाचतात. वर्षास ९,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत सुमारे १६,९०० रुपये वाचतील, आणि संचास ४० हजार रुपये लागले असतील तर ते अडीच वर्षांच्या आत वसूल होतील. तीच गाडी वर्षास ३,००० किलोमीटरच धावत असेल तर तेवढ्याच रकमेस सात वर्षे लागतील. गॅरेजवाला पहिला हिशेब सांगतो, दुसरा सांगत नाही.

पण खरा घोटाळा ह्यापुढे आहे. मोटारगाडीसाठी एलपीजी देणारे पंप बहुधा शहरांत व हमरस्त्यांवर असतात. आपले गाव अशा पंपापासून २५ किलोमीटर दूर आहे, आणि केवळ गॅस भरण्यासाठी तेथे जावे लागते, असे समजा. ६० लिटरची टाकी ८० टक्केच भरावयाची असते, म्हणून तीत ४८ लिटर गॅस मावतो. त्यावर गाडी ३८४ किलोमीटर जाईल. परंतु त्यांतील ५० किलोमीटर पंपावर जाण्यायेण्यात संपतील व कामाचे ३३४ किलोमीटर उरतील. हेच काम पेट्रोलवर केले असते तर ३,३४० रुपये लागले असते. गॅसची टाकी भरण्यास ३,१२० रुपये लागले. एका टाकीमागे बचत २२० रुपयांची, ७२० ची नव्हे. आणि टाकी ४० लिटरची असेल तर? तीत ३२ लिटर मावतील. गाडी २५६ किलोमीटर जाईल, कामाचे अंतर २०६ राहील. पेट्रोलवर २,०६० रुपये लागणाऱ्या कामासाठी २,०८० रुपयांचा गॅस जळेल. म्हणजे संचाची किंमत बाजूस ठेवली तरी दर टाकीस २० रुपये तोटा!

भाव बदलतील तसे हे आकडे बदलतील, पण त्यांची चाल बदलणार नाही. पंप बाजाराच्या वाटेवर असेल, तर गॅस भरण्यासाठी वेगळी खेप पडत नाही व पहिला हिशेब लागू पडतो. तो आडबाजूस असेल, तर टाकी जितकी लहान तितका तोटा मोठा. अमेरिकेत मिनियापोलिस-मोलिन कंपनीने १९४१ मध्येच एलपीजीवर चालणारे ट्रॅक्टर कारखान्यातून देण्यास प्रारंभ केला आणि पुढे इतर कंपन्यांनीही ते केले. तेथे हे इंधन शेतीत रुजले याचे एक कारण असे की, पुष्कळ शेतकऱ्यांच्या वाड्यातच गॅसची मोठी साठवण टाकी असे आणि गॅसची मोटार ती घरपोच भरून देई. आपल्या गावात तशी सोय नाही. म्हणून तेथील अनुभव जसाचा तसा येथे लावता येत नाही. ज्या भागात सीएनजीचा पंप अधिक जवळ आहे, तेथील मालकाने सीएनजीचेही असेच गणित करून पाहावे. फक्त तो वायू अतिशय उच्च दाबाखाली साठवावा लागत असल्यामुळे त्याचे नळकांडे फार जड असते, हे ध्यानात ठेवावे.

मोठी टाकी घ्यावी तर ती बसवावी कोठे? रस्त्यावरच्या मोटारीत हा प्रश्न फारसा अडत नाही. स्टेपनीच्या जागी चक्राकार टाकी किंवा मागच्या डिकीत लांबट टाकी बसवून काम भागते. शेतातल्या गाडीस तसे करून चालत नाही. स्टेपनी तिला हवीच, कारण बाभळीच्या काट्यांशी तिची रोजची गाठ. गाडीच्या पोटाखाली टाकी टांगली तर उसाच्या चाकोरीत मधला उंचवटा तिला घासतो, आणि मागील टोकाशी टांगली तर नाल्याच्या काठावरून चढताना गाडीचे शेपूट टेकते ते नेमके टाकीवरच. माझा सल्ला असा की, ज्या गाडीत मागे माल भरला जातो तीत लांबट टाकी मागच्या हौद्यात, पुढील बाकाच्या पाठीशी, आडवी बसवावी. थोडी जागा जाईल, पण टाकी दोन्ही आसांच्या मधोमध व जमिनीपासून उंच राहील. भरलेल्या ६० लिटरच्या टाकीचे वजन लोखंडासह पन्नास किलोच्या घरात जाते. एवढा भार शेपटाकडे टाकण्यापेक्षा मध्ये असलेला बरा. टाकी केवळ पत्र्यास स्क्रूने न बसवता चॅसीसला आधार देऊन पोलादी पट्ट्यांनी आवळावी. खड्ड्याखड्ड्यांतून पळणाऱ्या गाडीत पत्रा लवकरच फाटतो.

टाकी बंदिस्त भागात असेल तर तिच्या झडपांवर वायुरोधक पेटी असावी व त्या पेटीची नळी गाडीच्या बाहेर, मोकळ्या हवेत उघडावी. ह्याचे कारण नीट समजून घ्यावे. हा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळला तर तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि सखल जागी साचतो. बाहेर काढलेल्या नळीचे तोंड चिखलाने बुजले तर तिचा उपयोग संपतो, म्हणून पावसाळ्यात दर आठवड्यास ते साफ करावे. टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी नळी चॅसीसच्या आतील अंगाने, सायलेन्सरपासून दूर आणि जागोजाग चिमट्यांनी पकडलेली असावी. खाली लोंबणारी नळी पऱ्हाटीच्या खुंटांत अडकून तुटण्यास वेळ लागत नाही.

टाकी ८० टक्केच भरावी असे वर म्हटले. द्रव गॅस उष्णतेने बराच फुगतो. खानदेश-विदर्भातील मे महिन्याच्या उन्हात काठोकाठ भरलेल्या टाकीत त्याला फुगण्यास जागा उरत नाही व दाब झपाट्याने चढतो. मान्यताप्राप्त टाकीत असा भराव आपोआप थांबविणारी झडप असते. शिवाय नळी तुटली असता प्रवाह तोडणारी, दाब अतिशय वाढला असता वायू बाहेर सोडणारी आणि हाताने बंद करता येणारी अशा झडपाही असतात. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये यांपैकी बहुतेक गोष्टी नसतात. तरीही घरगुती सिलिंडर मागे ठेवून गाडी चालविणारे, अथवा त्यातून रबरी नळीने गाडीच्या टाकीत गॅस उतरवून घेणारे लोक आढळतात. हा प्रकार कायद्याने गुन्हा आहे, हे सर्वांना ठाऊक असते. अधिक सांगावयाचे ते असे की, नळीने उतरवताना टाकी किती भरली याचा नेम राहत नाही, जोडावर गळती होतेच, आणि हे काम बहुधा गोठ्याच्या आडोशाला, जेथे वारा नाही व जमीन सखल आहे अशाच जागी चालते. एक ठिणगी पुरे होते. ज्याच्या घरी हे चालते त्यास केवळ कायद्याचा धाक घालून उपयोग होत नाही. गॅस कोठे साचतो हे त्याला त्याच्याच गोठ्यात उभे राहून दाखवावे.

आता संच. जुन्या, कार्बोरेटर असलेल्या इंजिनास 'मिक्सर' पद्धतीचा साधा संच बसतो. त्यात द्रव गॅस प्रथम रिड्यूसरमध्ये येतो, रेडिएटरच्या गरम पाण्याच्या साह्याने तेथे त्याची वाफ होते, आणि कार्बोरेटरपाशी बसविलेल्या मिक्सरमधून ती हवेबरोबर इंजिनात ओढली जाते. हा संच स्वस्त असतो व तालुक्याच्या गावचा जाणता मेकॅनिकही तो सांभाळू शकतो. दोष असा की, मिक्सरचे भोक हवेची वाट थोडी अडविते, त्यामुळे पेट्रोलवर चालवितानाही जोर किंचित कमी होतो. भोक फार मोठे ठेवले तर मंद गतीत गॅस नीट ओढला जात नाही, आणि चिखलात चारही चाके जोडून गाडी हळूहळू ओढावयाची असते तेव्हा मंद गतीचा जोरच कामास येतो. म्हणून आपल्या इंजिनाच्या मापाचाच मिक्सर मागावा व संच बसविल्यावर गाडी डांबरी सडकेवर पळवून पाहण्याऐवजी नांगरटीत, भार घालून, सावकाश चालवून पाहावी.

इंजेक्शन असलेल्या इंजिनास मिक्सर लावू नये. अशा इंजिनात हवेच्या नळ्यांमध्ये गॅस व हवेचे मिश्रण भरून राहते आणि उलटा भडका उडाला तर महागडे भाग फुटतात. त्यांस प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्रपणे व पाळीपाळीने गॅस देणारा 'सिक्वेन्शियल' संचच योग्य. तो महाग असतो, त्याची जुळणी संगणक लावून करावी लागते, परंतु जोर फारसा घटत नाही व इंधन वाया जात नाही. असा संच घेताना तो बसविणारा मनुष्य जवळपास आहे काय हे आधी पाहावे. पेरणीच्या दिवसांत बिघडलेली गाडी घेऊन जिल्ह्याच्या गावी जाणे कोणासही परवडणारे नाही.

दोन्ही संचांचा रिड्यूसर व विजेचे भाग इंजिनाच्या खोलीत शक्य तेवढे उंच असावेत, म्हणजे नाला ओलांडताना ते भिजणार नाहीत. परंतु रिड्यूसर रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा उंच जाता कामा नये. तसा गेला तर त्यात हवा अडकते, गरम पाणी पोचत नाही आणि द्रव गॅसची वाफ होईनाशी होते. चालू गाडीत रिड्यूसरवर बर्फासारखा पांढरा थर दिसला, तर रेडिएटरातील पाणी उतरले आहे किंवा हवा अडकली आहे असे समजावे.

संच बसविण्यापूर्वी इंजिन तपासून घ्यावे. पेट्रोलपेक्षा गॅसच्या मिश्रणास जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर कसेबसे निभावणारे जुने प्लग व तारा गॅसवर उघडे पडतात. फार जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठका मऊ लोखंडाच्या असतील तर गॅसवर त्या लवकर झिजतात. त्याची खूण अशी की, टॅपेटचे अंतर वाढण्याऐवजी कमी होत जाते. तसे दिसल्यास हेड उतरवून कठीण बैठका बसवून घ्याव्यात. हा खर्चही वरील गणितात धरावा.

कागदपत्रांच्या बाबतीत आळस करू नये. २००० साली मोटार वाहन अधिनियमात दुरुस्ती होऊन असे संच बसविण्यास कायद्याची वाट मोकळी झाली, परंतु ती अटींसह. संच मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेला असावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था अशी मान्यता देते. टाकीस स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता हवी, आणि ह्या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. संचाचा मान्यता दाखला आपल्या इंजिनाच्या क्षमतेस लागू आहे काय, टाकीवर कोरलेला क्रमांक दाखल्यावरील क्रमांकाशी जुळतो काय, हे पैसे देण्यापूर्वी स्वतः वाचावे. नंतर परिवहन कार्यालयात आरसी बुकावर इंधनाची नोंद करून घ्यावी व विमा कंपनीस लेखी कळवावे. आरसीवर नोंद नसलेल्या गाडीस अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईस हरकत घेते, आणि त्या वेळी गॅरेजवाल्याचा पत्ता लागत नाही. भंगारातून काढलेली जुनी टाकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

गाडी नेहमी पेट्रोलवर सुरू करून पाणी कोमट झाल्यावर गॅसवर न्यावी. पेट्रोलची टाकी कधीही कोरडी ठेवू नये. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पेट्रोलपंप कोरडा फिरून जळतो, आणि रात्री शेतात गॅस संपला तर घरी येण्यास पेट्रोल लागतेच. आठवड्यातून एकदा काही अंतर मुद्दाम पेट्रोलवर चालवावे. रिड्यूसरमध्ये तेलकट गाळ साचतो. इंजिन बंद करून, मोकळ्या हवेत, तो कोमट असतानाच खालचा बूच उघडून गाळ काढून टाकावा. चिखल धुताना पाण्याचा जोरदार फवारा रिड्यूसर व विजेच्या जोडांवर मारू नये.

गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावून पाहावे, काडी ओढून कधीही पाहू नये. वास आला तर इंजिन बंद करून टाकीची हाताची झडप फिरवावी, विजेचे बटण चालू अथवा बंद करू नये, आणि गाडी ढकलत मोकळ्या, उंच जागी न्यावी. अशी गाडी उघड्या विहिरीच्या काठी, पंपाच्या खोलगट खोलीपाशी किंवा सायलेजच्या खड्ड्याशेजारी एरवीही उभी करू नये. कडब्याच्या गंजीपासून तर ती बारमाही दूरच असावी.